राखलेल्या कुरणात नुसत्या काड्याच का उरतात?

पत्र

दादा, नमस्कार. आमचं गाव माण तालुक्यात. घरामागं पाच एकर माळ आहे. पूर्वी सगळ्या गावाची जनावरं तिथं फिरायची. तीन वर्षांमागं सासऱ्यांनी, आमच्या आण्णांनी, काटेरी तार मारली आणि मृग निघाला की दिवाळीपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. पहिल्या वर्षी गवत इतकं दाट आलं की लोक बघायला आले. दुसऱ्या वर्षी जरा विरळ. गेल्या वर्षी पाऊस बरा झाला, गवत कमरेला लागलं, पण सगळ्या काड्या. मजूर मिळेनात म्हणून कापणी पौषात गेली. दोन खिलार बैल, एक गाय आणि आठ शेळ्या आहेत. जनावरं वरवरची पात ओरबाडतात आणि गव्हाणीत चघाळच जास्त पडतं. ठोंबांच्या मधली जमीनही उघडी दिसायला लागलीय. धाकटे दीर म्हणतात, राखून काय मिळालं, जनावरं सोडा. आण्णा म्हणतात, अजून एक वर्ष कडक राखा. तालुक्याला एक जण ब्राझीलच्या गवताचं बी विकतोय, ते घेऊ का? युरिया टाकू का? मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं चुकतंय, पण घरात बोलायला आधार नाही.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र रोहिणी नक्षत्रात हातात पडलं, म्हणजे यंदाचा हंगाम अजून गेलेला नाही. म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी आण्णांबद्दल. पाच एकर माळाला तार मारायची आणि गावाची बोलणी खात ती टिकवायची, याला काय लागतं ते मी पाहिलंय. त्यांनी केलं ते बरोबरच होतं. वर्षानुवर्षं बुडापर्यंत खाल्लेल्या माळाला पहिलं वर्ष पूर्ण विश्रांती द्यावीच लागते. त्या वर्षीचं दाट गवत ही त्यांचीच कमाई. पण आजारी माळाला जो उपाय लागू पडला तोच सावरलेल्या माळाला दरसाल देत गेलात, तिथं बिघडलं. का बिघडलं हे शब्दांनी सांगण्यापेक्षा ठोंबातच दाखवलेलं बरं, म्हणजे आण्णांसमोर तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

उद्या सकाळी खुरपं घेऊन माळावर जा आणि पवन्या किंवा डोंगरी या गवताचा एक मध्यम ठोंब मुळ्यांसकट काढा. माती झाडून घरी आणा, परातीत ठेवा आणि दोन्ही हातांनी उकला. तो एक झुपका दिसत असला तरी आत पुष्कळ वेगवेगळे बुडखे आहेत, प्रत्येकाला आपापल्या मुळ्या आहेत. हा एकेक बुडखा म्हणजे एकेक फुटवा. ज्यांच्यावर गेल्या वर्षीची जाड, पोकळ काडी उभी आहे ते बाजूला काढा. ते निसवले, त्यांना तुरा आला, बी पडलं आणि त्यांचं आयुष्य तिथंच संपलं. त्या काडीतून पुन्हा पान येणार नाही. आता एक जिवंत, हाताला घट्ट लागणारा बुडखा घ्या आणि वाळकी पानं नखानं एकेक करून सोला. प्रत्येक पानाच्या बगलेत, अगदी मातीलगत, बाजरीच्या दाण्याएवढा टोकदार पांढरा डोळा दिसेल. पुढचा फुटवा तो. सध्या झोपलेला आहे.

गवताचा ठोंब दहा-दहा वर्षं जगतो. त्यातला फुटवा मात्र काही महिने जगतो, फार तर वर्षभर. घरातली माणसं बदलतात आणि घर चालत राहतं, तसा ठोंब चालतो. जुने फुटवे जातात, नवे येतात. नव्यांची आवक थांबली की ठोंब बाहेरून मोठा दिसतो पण आतून रिकामा होतो. तुमच्या ठोंबाचा मध्य बोटानं दाबून बघा. बहुतेक तिथं काळपट भुसा निघेल आणि जिवंत बुडखे फक्त कडेनं असतील. आमच्या वडिलांचा चार एकर माळ मी असाच घालवलाय. नोकरीच्या गडबडीत लागोपाठ दोन वर्षं गवत कापलंच नाही. वाटलं, राहू दे उभं, जमिनीलाच खत होईल. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात जाऊन बघितलं तर प्रत्येक ठोंब म्हणजे मधे मेलेलं आणि कडेनं हिरवं असं कडं झालेलं. वडील काही बोलले नाहीत, नुसते वाकून एका ठोंबातून मेलेल्या काड्या मुठीनं उपटत राहिले. ते दृश्य मी विसरलेलो नाही. तुमचं पत्र वाचताना तेच डोळ्यांपुढं आलं.

आता नवे फुटवे थांबतात कशामुळे? बुडाशी ऊन पोचत नाही म्हणून. पहिल्या वर्षी तुमचा माळ खुरटलेला होता. बुडाशी ऊन लख्ख पडत होतं, जमिनीलगतचा प्रत्येक डोळा जागा झाला, म्हणून गवत दाट झालं. मृगापासून बंद ठेवलेलं गवत श्रावणात एकमेकांवर झाकलं जातं. वरची पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश खाली सोडतात. बुडाशी असा उरलासुरला प्रकाश पोचला की शेजारी दाटी झाल्याचं गवताला कळतं. मग ते खालचे डोळे उठवत नाही, सगळा जोर उंच होण्यात घालतं. पेरं लांबतात, काडी जाड होते, खालची पानं पिवळी पडून गळतात. वर बघणाऱ्याला वाटतं, काय जोमदार वाढलंय! दाटीत फुटव्यांची संख्या कमी होते आणि उरलेले थोराड होतात. तुमचं कमरेला लागलेलं गवत ते हेच.

त्यात आपल्या भागाचं पाऊसमान. माण-खटावला जून-जुलैत भुरभुर, खरा पाऊस उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून. आणि नेमके त्याच सुमारास, दिवस लहान होऊ लागले की, पवन्या, डोंगरी, कुसळी ही सगळी गवतं निसवायला लागतात. म्हणजे वर्षातली सगळ्यात चांगली ओल येते तेव्हा तुमच्या माळावर अडीच-तीन महिन्यांचे जुने, पोटरीत आलेले, म्हणजे आत तुरा धरलेले फुटवे उभे असतात. ती ओल काडी आणि तुरा करण्यात जाते. तीच ओल कोवळ्या फुटव्यांना मिळाली असती तर पात वाढली असती.

त्यानंतर कापणी पौषात. तोवर बी झडलं, पानं वाळून चुरा झाली, वाऱ्यानं गेली. गव्हाणीतल्या चघाळाचं कारण दुसरं काही नाही. जनावराच्या पोटातले जिवाणू नीट काम करायला चाऱ्यात निदान सात टक्के प्रथिनं लागतात. कोवळ्या गवतात ती सहज असतात. बी झडून गेलेल्या उभ्या वाळक्या काडीत तीन-चार टक्क्यांवर येतात. पोट भरलेलं दिसतं, पण बैलाची पाठ उतरते. तुमच्या बैलांची माघापर्यंत बरगडी दिसायला लागली असेल तर नवल नाही. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे.

हा प्रश्न फक्त आपल्या माळाचा नाही. ब्राझीलमध्ये लाखो एकर कुरणं अशीच राखतात. तिकडे पाऊस ऑक्टोबर ते मार्च. पावसाळा संपायच्या आत कुरण बंद करायचं आणि जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत उभं गवत चारायचं. तिथल्या मिनास जेराइस राज्यात व्हिसोसा विद्यापीठातल्या लोकांनी बंद कुरणातले फुटवे अक्षरशः मोजले. पानाचे किती, निसवलेले किती, मेलेले किती. बंदीचे दिवस वाढवत गेले तसं गवताचं वजन वाढलं, पण पानाचे जिवंत फुटवे कमी होत गेले आणि निसवलेले व मेलेले वाढत गेले. तुमच्या पाच एकरांत जे झालं तेच. म्हणून तिकडं बंद करण्याआधी कुरण चारून खाली आणतात, बुडाशी ऊन पाडतात, आणि मग बंद करतात.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. तार कधी लावायची यापेक्षा तार लावताना गवत केवढं आहे आणि त्याच्या बुडाशी उजेड आहे का, हे बघायला लागा.

त्याची परीक्षा सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमारास माळावर जा, पाच-सहा ठिकाणी वाका आणि गवताच्या बुडाशी जमिनीवर तळहात पालथा ठेवा. हातावर उन्हाचे कवडसे नाचत असतील तर फुटवे अजून निघताहेत. हात सावलीत बुडाला, एकही कवडसा नाही, तर नवे फुटवे थांबले आणि काडी वाढायला लागली असं समजा. नोकरीत आमच्याकडं प्रकाश मोजायची यंत्रं होती, पण शेतकऱ्यांबरोबर फिरताना मी हाताचाच उपयोग करत आलोय.

आता यंदा काय करायचं ते सांगतो. पाच एकर एकसारखे वागवू नका. दगडांची रेघ मारून तीन भाग करा. दोन एकर, दोन एकर आणि एक एकर.

आज, मृगाच्या आधी, सगळ्यात पहिलं काम म्हणजे गेल्या वर्षीच्या कापणीतून उभ्या राहिलेल्या पांढऱ्या काड्या काढणं. विळ्यानं कापा, जनावरांच्या पायाखाली तुडवू द्या, बांधावर आच्छादन म्हणून वापरा, काहीही करा, पण पेटवू नका. आपल्याकडं वणवा लावला की गवत चांगलं फुटतं असं म्हणतात. फुटतं ते मुख्यतः कुसळी. तिला आग सोसते, तिचं कुसळवालं बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. पवन्या आणि मारवेल मागं पडतात. चार वर्षं जाळलेला माळ कुसळीचा होतो आणि मग शेळ्यांच्या तोंडात, मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं रुततात.

पहिल्या दोन एकरांत पावसाबरोबर कोंब फुटतील. तेव्हा लगेच जनावर नको. लगेच जनावरं सोडायचा दिरांचा मुद्दा मला मान्य नाही. पहिली दोन-तीन पानं ठोंब आपल्या बुडख्यातल्या साठ्यावर काढतो. तीच खाल्ली तर साठा रिता आणि परतफेड शून्य. गवत दीड वीत होऊ द्या. मग दोन्ही बैल आणि गाय पाच-सहा दिवस रोज सकाळी दोन-तीन तास सोडा, किंवा कापून घाला. शेळ्या नकोत. त्या निवडून निवडून कोवळा कोंब खुडतात. मूठ उभी धरा, अंगठा वर करा. जमिनीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, एवढं गवत पवन्या-डोंगरीचं राहिलंच पाहिजे. मारवेल पसरट वाढतो, त्याला आडवी चार-पाच बोटं ठेवली तरी चालतं. तेवढं राहिलं की जनावरं बाहेर काढा, मग कोण काहीही म्हणो. मघा नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे १६-१७ ऑगस्टच्या आत, हे उरकून तार बंद. आठवड्याभरात बुडाशी हिरव्या सुया निघताना दिसतील. उत्तरा-हस्ताचा पाऊस त्या सुयांवर पडू द्या. हे दोन एकर तुमचं उभं राखायचं कुरण. मार्गशीर्ष-पौषात इथं जनावरं चारा. गवत कमरेला लागणार नाही, मांडीलाही लागेल की नाही सांगता येत नाही. शेजारी म्हणतील यंदा वाढलं नाही. म्हणू द्यात. काडी बारीक आणि पात टिकलेली असेल.

पाऊस दगा देईल ही भीती मलाही आहे. मघा आली आणि गवत दीड वीत झालंच नाही, तर खाली आणायला काही नाहीच. तसंच बंद करा. अशा वर्षी बुडाशी ऊन असतंच. तारीख आणि उंची यांत भांडण झालं तर उंचीचं ऐका.

दुसरे दोन एकर वाळल्या गवतासाठी. ते मृगापासून बंद राहू देत, अगदी आण्णांच्या नियमानं. फक्त कापणी दिवाळीच्या पुढं ढकलायची नाही. निम्म्या फुटव्यांना तुरे दिसले, निम्मे अजून पोटरीत किंवा नुसत्या पानाचे आहेत, तेव्हा विळा घालायचा. आपल्याकडं हे हस्त-चित्रात येतं. ऑक्टोबरचं ऊन चांगलं असतं, दोन-तीन दिवसांत उलथापालथ करून हिरवट रंगावर पेंढ्या बांधता येतात. हस्ताचा पाऊस चालू असेल तर आठवडाभर थांबा. भिजलेलं कापलेलं गवत काळं पडतं, त्यापेक्षा आठ दिवस जुनं झालेलं बरं. पाऊस गेला की मात्र एक दिवसही नको. मजुरांची अडचण खरी आहे. त्याच दिवसांत बाजरी निघत असते. पण पाच एकर एकदम कापायचे नसून दोनच कापायचे आहेत हे मजुरांनाही परवडतं, तुम्हालाही. कापताना बुडखा खरवडू नका. ऑक्टोबरात योग्य उंचीवर कापलेल्या ठोंबाला स्वातीचा एखादा पाऊस मिळाला तर तो पुन्हा फुटतो आणि हे फुटवे पानाचेच असतात.

उरलेला एक एकर बी पडू द्यायला ठेवा. त्याला हातच लावू नका. बी पूर्ण झडलं की पौषात जनावरं आत सोडा. त्यांच्या खुरांनी बी मातीत दाबलं जातं आणि वाळकी काडीही मोडते. दर वर्षी हा एकर बदलत न्या. पाच वर्षांत सगळा माळ एकेकदा बी टाकून मोकळा होतो आणि कुठल्याही जागेला लागोपाठ तीच वागणूक मिळत नाही.

राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथल्या चराईबंदीचं उदाहरण आण्णा देत असतील. देणारच, तिथं माळ हिरवे झालेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण हिवरे बाजारात मोकाट चराई बंद करताना विळ्यानं गवत कापून न्यायला मुभा ठेवली होती. गवत दरसाल कापून नेलं जात होतं. हे त्यांना जरूर सांगा. बंदी आणि कापणी एकाच गावात हातात हात घालून चालली, हे ऐकलं की त्यांना आपला नियम मोडल्यासारखं वाटणार नाही.

युरियाचं विचारलंत. नत्रानं झोपलेले डोळे उठतात हे खरं आहे. पण बुडाशी सावली असताना नत्र दिलं तर ते काडी लांबवायला खर्च होतं आणि लांबलेली काडी वाऱ्या-पावसात आडवी पडते. आडव्या गवताखाली सगळंच कुजतं. म्हणून द्यायचं तर पहिल्या दोन एकरांतच, जनावरं बाहेर काढल्यावर, जमिनीत ओल असताना. एकरी पाऊण गोणी, म्हणजे ३४ किलोच्या आसपास. त्यातून पंधरा-सोळा किलो नत्र मिळतं. कोरडवाहू माळाला याहून जास्त देणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ओल नसेल तर मुळीच टाकू नका. माझं मन विचाराल तर युरियापेक्षा मेंढ्या बसवा. तुमच्या भागातले धनगर पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातून परत येतात. कोंब फुटायच्या आधी चार-पाच रात्री मेंढ्यांचा वाडा माळावर बसवून घ्या. कोंब फुटल्यावर मात्र मेंढी नको, तिचं तोंड फार खाली जातं.

ब्राझीलच्या गवताचं बी घेऊ नका. ते ब्रॅकिएरिया असणार. मूळचं आफ्रिकेचं, ब्राझीलनं आपलंसं केलेलं. त्यातली मारांडू ही जात तिथल्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेनं १९८४ साली आणली आणि तिकडची कुरणं भरून गेली. गंमत म्हणजे त्या कुरणांवर जी पांढरी, वशिंडाची नेलोर गुरं चरतात ती मूळची आपल्याकडची, आंध्रातल्या ओंगोल-नेल्लोर भागातली. पण गुरं तिकडं रुजली म्हणून गवत इकडं रुजेल असं नाही. त्या गवताला तुमच्याकडच्या पावसाच्या दुपटीहून जास्त पाऊस लागतो. शिवाय ब्रॅकिएरियाच्या काही जाती खाऊन शेळ्या-मेंढ्यांना उन्हाचा विकार होतो, कातडी सोलवटते. तुमच्या घरात आठ शेळ्या आहेत.

उघड्या जागा आपल्याच गवतांनी भरा. भारी जागा, जिथं पाणी थोडं थांबतं, तिथं मारवेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले मारवेल ०६-४० या वाणाचे ठोंब मिळाले तर आणा, नाहीतर बांधावरचा आपलाच चांगला मारवेल फोडून लावा. चांगला पाऊस पडला की दोन-दोन फुटांवर, दोन-तीन फुटवे एका जागी, मुळ्या पूर्ण मातीत. हलक्या मुरमाड जागी अंजन गवत. त्याचं बी केसाळ आणि हलकं असतं, वाऱ्यानं उडतं. म्हणून ओल्या मातीत आणि शेणात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा, सावलीत सुकवा आणि पहिल्या पावसाआधी उघड्या जागी टाका. बी यंदाचं ताजं नको. ताजं बी लवकर उगवत नाही, गेल्या वर्षीचं शोधा. मधून मधून स्टायलो, म्हणजे शेंगवर्गातला चारा, टाकलात तर जमिनीला नत्र आणि जनावराला प्रथिनं, दोन्ही होतील. लावलेल्या जागेवर पहिलं वर्ष जनावर जाऊ देऊ नका. तिथं आण्णांचा कडक नियम शंभर टक्के लागू.

गेल्या वर्षीच्या काड्यांची गंज अजून शिल्लक असेल तर टाकू नका. शंभर किलो वाळक्या गवताला चार किलो युरिया चाळीस लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, दाबा, प्लास्टिकच्या कागदानं हवाबंद झाका आणि एकवीस दिवसांनी उघडा. उघडल्यावर तासभर वारा लागू द्या, वास उडाला की थोडं थोडं घालत सवय लावा. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावर प्यायलं तर जिवावर बेततं. लहान वासरांना हा चारा देऊ नये.

आता घरातलं. दिरांना सांगा, जनावरं सोडायची आहेतच, फक्त कधी आणि किती दिवस हे गवत ठरवेल. ते पाच-सहा दिवसांचं काम त्यांच्याकडंच द्या. बैल त्यांच्या हाताखाली असतील तर अंगठ्याचं माप त्यांच्याच लक्षात राहील. आण्णांकडं मोजणी द्या. काठ्या बांधून अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद अशी चौकट करा. तिन्ही भागांत मिळून दहा जागा ठरवा, प्रत्येकीला दगडावर चुना लावा. चौकट ठेवायची आणि आतले फुटवे तीन ढिगांत मोजायचे: नुसत्या पानाचे, पोटरीतले-निसवलेले, आणि मेलेले. मघेत तार लावताना एकदा, हस्तात एकदा, कापणीच्या किंवा चारायच्या दिवशी एकदा. वहीत तारीख टाकून लिहा. ज्या माणसानं तीन वर्षं तार सांभाळली, त्याला हे मोजायला आवडेल असं मला वाटतं.

पहिली मोजणी झाली की मला कळवा. लांब पत्र नको. प्रत्येक भागाचे तीन-तीन आकडे आणि दुपारी बाराला हातावर कवडसे पडले की नाही, एवढंच लिहा. त्यावरून हस्तात विळा कधी घालायचा ते मी सांगेन.

तुमचा,
दादा